लेकरू घेऊन रत्नागिरीस : जेवावे कोठे?

प्रवासवर्णने लिहिणारे गृहस्थ बहुधा एकांडे शिलेदार असतात. खांद्यास पिशवी लावावी, मिळेल त्या वाहनाने निघावे, भूक लागेल तेथे दोन घास खावेत आणि घरी परतल्यावर सूर्यास्त, सागराची गाज व किल्ल्यांचे बुरूज यांविषयी आठ पाने लिहावीत, असा त्यांचा क्रम असतो. आम्हांस ही वर्णने वाचणे प्रिय आहे. परंतु ज्या घरात तीन पिढ्या एका चुलीवर जेवतात, त्या घराचा प्रवास असा होत नाही. तेथे वडीलधाऱ्यांच्या पथ्यापासून अडीच वर्षांच्या बाळाच्या वरणभातापर्यंत सर्व व्यवस्था पाहूनच उंबरठा ओलांडावा लागतो. आणि नेमक्या याच बाबतीत प्रवासवर्णने मौन पाळतात. समुद्राचा रंग निळा की हिरवा, हे त्यांत सापडते. अकराच्या ठोक्याला लेकराला मऊ भात कोठे मिळेल, हे सापडत नाही.

गेल्या माघात आम्ही सहकुटुंब चार दिवस रत्नागिरीस राहून आलो. बरोबर आमची सौभाग्यवती, आमच्या वडील भगिनी अक्का, चिरंजीव, सूनबाई आणि अडीच वर्षांचा नातू, अशी सहा माणसे होती. अक्कांना कांदा-लसूण वर्ज्य. आम्हांस तिखट वर्ज्य. आणि नातवाला दुपारचे अकरा व सायंकाळचे सात या दोन वेळा सोडून अन्य वेळ मान्य नाही. अशा पंगतीची सोय परगावी लावणे म्हणजे विवाहकार्याची बोलणी करण्याइतकेच नाजूक काम. तेथे जे पाहिले व विचारून घेतले, त्यांतील भोजनापुरता भाग इतर घरांच्या उपयोगी पडेल, या हेतूने हे चार शब्द लिहीत आहोत.

आमचे उंब्रज कृष्णा व तारळी यांच्या संगमावर वसलेले. समर्थांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी एक आमच्या गावी आहे, व पुणे-बंगळूर हमरस्ता गावाला लागूनच जातो. येथून समुद्राकडे उतरावयाचे तर दोन वाटा. एक कोल्हापुरावरून आंबा घाटाने. दुसरी मल्हारपेठेस कराड-चिपळूण रस्ता गाठून, पाटण व कोयनानगर यांवरून कुंभार्ली घाटाने. आम्ही दुसरी वाट घेतली. ही वाट कोयनेच्या काठाकाठाने वर चढते, घाटमाथा आल्यावर एकदम खाली कोसळते, आणि पाऊण-एक तासात देशावरचा मनुष्य कोकणात येऊन पडतो. भाकरीचा प्रदेश मागे राहतो व भाताचा सुरू होतो. लहान मुलाच्या दृष्टीने हा बदल फार सोयीचा आहे, हे पुढे दिसेलच.

परंतु आधी घाटाचा विचार केला पाहिजे. वळणावळणाच्या उतारावर मुलाच्या पोटात दूध डचमळते व ते ओकून टाकते, हा पुष्कळांचा अनुभव आहे. म्हणून घाट लागण्यापूर्वी निदान तासभर आधी त्यास खावयास घालावे, आणि तेही कोरडे व हलके असावे. आमच्या घरून निघताना दशम्या बरोबर होत्या. दुधात भिजविलेल्या कणकेची ही पोळी दोन दिवस मऊ राहते. जुन्या काळी सोवळ्याची अडचण येऊ नये म्हणून ती प्रवासात नेत, आज मुलाच्या पोटासाठी न्यावी. कोयनानगर हे या न्याहारीस योग्य ठिकाण. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने या गावाचे नाव जगभर गेले. आज तेथील धरण व बाग पाहण्यास लोक थांबतात. मुलाला अर्धा तास मोकळे पळू द्यावे, दशमी व गूळ-तूप खावयास द्यावे, आणि मग घाट उतरावा. बरोबर कोणी शेंगदाणे किंवा फुटाणे घेतले असतील, तर ते वडील माणसांनीच खावेत. पाच वर्षांच्या आतील मुलाला अख्खा दाणा देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकण्याचे भय असते. आणि हलत्या गाडीत तर मुळीच देऊ नये. लोकमान्यांनी शाळेत शेंगांची टरफले उचलण्यास नकार दिल्याची गोष्ट आम्ही मुलांना पुष्कळ वेळा सांगितली. परंतु ती शेंगा सोलता येण्याच्या वयाच्या मुलांची गोष्ट होय!

घाट उतरल्यावर चिपळूण. सकाळी सातला उंब्रज सोडले, तर नातवाच्या अकराच्या वेळेस आपण बरोबर येथे असतो. दुपारी रत्नागिरीस पोहोचून जेवू, असा बेत मोठ्यांनी स्वतःपुरता खुशाल करावा, पण मुलाचे जेवण चिपळुणात उरकून घ्यावे. पुढे संगमेश्वरावरून हातखंब्यापर्यंतचा मुंबई-गोवा रस्ता किती वेळ घेईल, याचा नेम धरता येत नाही, आणि भुकेले मूल रस्त्याची सबब ऐकत नाही. अशा वेळी उडुपी पद्धतीचे उपाहारगृह हा निर्धोक आसरा. वाफेवर शिजलेली इडली पुढ्यात येते तेव्हा ती गरम असते, मऊ असते व तिच्यात तिखट नसते. चटणी मात्र मुलाला देऊ नये. ओल्या नारळाचे वाटण दमट हवेत लवकर उतरते. इडलीबरोबर घरचे तूप किंवा तेथलेच ताजे दही पुरे होते. कानडी मुलखातून आलेल्या या उपाहारगृहांनी महाराष्ट्रातील शाकाहारी कुटुंबांचा प्रवास किती सुकर केला आहे, हे मुद्दाम नमूद करण्याजोगे आहे. मुंबईत माटुंग्यास रामा नायक यांनी १९४२ साली काढलेले उडुपी भोजनगृह आजही नावाजलेले आहे. परक्या गावी त्या पद्धतीची पाटी दिसली, की आमच्या अक्कांच्या चेहऱ्यावर सुद्धा समाधान दिसते.

आता रत्नागिरी. पूर्वी येथे मुंबईहून आगबोटीने येत; १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागल्यापासून आगगाडीने येणारेही पुष्कळ झाले. हे शहर लेकुरवाळ्यांस सोयीचे आहे, कारण पाहण्याची स्थळे जवळजवळ आहेत व दोन स्थळांच्या मध्ये जेवणासाठी परत येता येते. टिळक आळीतील लोकमान्यांचे जन्मस्थान. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ साली येथे आणून ठेवले, त्याचा राजवाडा. झाडगाव येथील कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी संशोधन केंद्रातील मत्स्यालय व तेथला देवमाशाचा सांगाडा. रत्नदुर्गावरील भगवतीचे देऊळ. मांडवीचा धक्का आणि भाट्याची पुळण. आमच्या नातवास या सर्वांत देवमाशाचा सांगाडा पसंत पडला. एवढ्या मोठ्या प्राण्याला आई कशी भरवत असेल, हा त्याचा प्रश्न होता. आणि तो आमच्या विषयाला धरूनच होता.

कोकणचे साधे अन्न हे लहान मुलाचेच अन्न आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. सकाळची तांदळाची पेज, मऊ भात, मेतकूट व तूप, जाळीदार घावन व त्याबरोबर नारळाच्या दुधात गूळ घालून केलेला रस, आंबोळी, उकडीचे मोदक, हळदीच्या पानात वाफविलेल्या पातोळ्या, फणसाच्या रसाचे सांदण. या सर्वांत तांदूळ, नारळ व गूळ हेच मुख्य. तिखट व तळण जवळजवळ नाही. दात पुरते न आलेल्या बालकास व दात जाऊ लागलेल्या आजोबांस हे सारखेच मानवते. मात्र हे पदार्थ भोजनगृहाच्या पाटीवर क्वचित लिहिलेले असतात. ते विचारावे लागतात. पाटीवर बहुधा पंजाबी भाज्यांची व चिनी शेवयांची नावे असतात. त्यांच्या खाली नजर न वळविता सरळ विचारावे : "बाळासाठी मऊ भात व साधे वरण मिळेल काय? सकाळी घावन होते काय?" ज्या ठिकाणी या प्रश्नाला तत्काळ उत्तर मिळते, ते ठिकाण आपले. आमसुलाची कढी मोठ्यांस उत्तम; पण तिच्यात लसूण व मिरची ठेचून घालण्याची चाल आहे, तेव्हा मुलासाठी व अक्कांसारख्यांसाठी वेगळी ठेवावयास आधीच सांगावे.

जेवणाच्या ठिकाणांचे तेथे ढोबळ मानाने तीन प्रकार आम्हांस दिसले. पहिला, हमरस्त्यावरची व बाजारातली मोठी भोजनगृहे; दुसरा, उपाहारगृहे; आणि तिसरा, घरगुती खानावळी. पहिल्या प्रकारात बैठक ऐसपैस असते, पुष्कळ ठिकाणी मुलासाठी उंच खुर्चीही मिळते. परंतु खुर्ची मिळाली म्हणजे जेवण मिळाले, असे नव्हे. पहिल्याच दिवशी आलेला अनुभव सांगतो. अशा एका ठिकाणी बाराच्या सुमारास आम्ही शिरलो. मुलासाठी आधी वाटीभर भात आणा, अशी विनंती केली. वाढप्याने सांगितले, की भात थाळीच्या शेवटी येतो, आधी आणण्याची रीत नाही. चाळीस मिनिटे गेली. नातू प्रथम कुरकुरला, मग रडू लागला. शेजारच्या मेजांवरील लोक वळून पाहू लागले. सूनबाई त्यास कडेवर घेऊन बाहेर उन्हात येरझाऱ्या घालू लागल्या. ताटे आली तेव्हा लेकरू खांद्यावर झोपले होते, आणि सूनबाईंच्या पुढ्यातील पोळी गार पडून कडक झाली होती. अन्न वाईट नव्हते, व्यवस्थाही स्वच्छ होती. पण त्या घरास लेकुरवाळीची कल्पनाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी चौकशी करून एका आळीतील घरगुती खानावळीत गेलो. पडवीत चार मेजे, आत माजघर, त्यापलीकडे स्वयंपाकघर. चालविणाऱ्या बाई पन्नाशीच्या. आम्ही अजून हात धूत होतो, तोच त्यांनी नातवाकडे पाहिले, आत गेल्या, व वाटीत वाफाळता मऊ भात, वर तूप आणि किंचित मीठ घेऊन आल्या. आम्ही म्हटले, "आमचे मागून आले तरी चालेल." त्या म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही थांबाल. तो थांबायचा नाही." मग सूनबाईंकडे वळून म्हणाल्या, "त्याला आजीकडे दे, आणि तू बस. तुला गरम वाढते." एवढे बोलून त्या आत गेल्या. सूनबाई क्षणभर आमच्याकडे पाहत राहिल्या. सासू-सासरे उभे असता आपण पाटावर बसावे कसे, हा संकोच त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट होता. आमच्या सौभाग्यवतींनी नातवास घेतले व म्हटले, "बस ग, पोळी निवेल."

या प्रसंगाचे आम्हांस फार वेळ चिंतन घडले. आपल्या घरांतून पुरुषांची पंगत आधी, मुलांची तीसोबत, आणि बायकांची शेवटी, ही चाल इतकी रूढ होती, की ती शास्त्राचीच आज्ञा असे पुष्कळांस वाटते. परंतु शास्त्र काय सांगते? याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात गृहस्थाच्या घरी कोणी कोणत्या क्रमाने जेवावे, हे सांगितले आहे. तेथे पहिले नाव बालकाचे आहे. मागोमाग माहेरी असलेली विवाहित कन्या, वृद्ध, गर्भवती, रोगी व कुमारिका. नंतर अतिथी व सेवक. आणि या सर्वांस जेवू घातल्यावर जे उरेल, ते पती व पत्नी या दोघांनी घ्यावे. 'दोघांनी' हा शब्द ध्यानात घेण्याजोगा आहे. उरलेसुरले व निवालेले एकट्या गृहिणीने खावे, असे त्या वचनात नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातही सुवासिनी, कुमारिका, रोगी व गर्भवती यांना अतिथीच्या आधी, मागेपुढे न पाहता जेवू घालण्यास सांगितले आहे. खानावळीच्या त्या बाईंनी या स्मृतींचे नावही ऐकले नसेल. पण त्यांच्या माजघरात त्या स्मृतींचा अर्थ जसा पाळला जात होता, तसा पुष्कळ पोथीवाल्या घरांतून पाळला जात नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे : मुलास घेऊन कोठे जेवावे, हा प्रश्न खरोखर मुलाच्या आईने कोठे जेवावे, असाच आहे. मुलाची सोय कोठेही लावता येते. वाटीभर भात कोणीही देतो. परंतु चार दिवसांच्या प्रवासात आठ जेवणे होतात, आणि ती आठही जेवणे जर एका बाईने एका हाताने लेकरू सावरीत, दुसऱ्या हाताने गार पोळी मोडीत केली, तर तो प्रवास तिचा झाला नाही. तिने केवळ घरातले स्वयंपाकघर समुद्रकाठी आणून ठेवले. जागा निवडताना हीच कसोटी लावावी. मूल उतरवून ठेवण्यास स्वच्छ जमीन आहे काय, भात आधी मिळतो काय, आणि ज्याने मूल धरले आहे त्याचे ताट मागून गरम येईल काय, या तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली, तर बाकीची सजावट नसली तरी चालेल. अंगावर पिणारे मूल असेल तर आणखी एक प्रश्न : आत आडोशाची खोली आहे काय? घरगुती खानावळीत ती सहज मिळते. एस.टी.च्या पुष्कळ स्थानकांवर अशा मातांसाठी 'हिरकणी कक्ष' ठेवलेला असतो. तान्ह्या लेकरासाठी रायगडाचा कडा उतरलेल्या गवळणीचे नाव त्यास दिले, हे फार योग्य झाले.

घरगुती खानावळ ही संस्था आपल्याकडे क्षुद्र मानण्याची चाल आहे, ती सोडली पाहिजे. मुंबईच्या गिरण्या ऐन भरात होत्या तेव्हा त्यांत काम करणारे कितीएक लोक रत्नागिरी व सातारा याच जिल्ह्यांतून गेलेले. बायकामुले गावी ठेवून गेलेल्या या कामगारांस दोन वेळा ऊन अन्न मिळे, ते खानावळ चालविणाऱ्या बायांच्या हातचे. त्या बायांस सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. आज कोकणात पर्यटकांसाठी ज्या घरगुती खानावळी चालतात, त्यांतही पुष्कळशा बायांच्याच कष्टावर उभ्या आहेत. तेव्हा तेथे जाताना आदल्या रात्री किंवा सकाळी दहाच्या आत माणसे किती, मूल किती वर्षांचे व वर्ज्य काय, हे कळवावे. त्यांस बाजार करावा लागतो. मुलाचे ताट धरावयाचे की नाही, हेही आधीच विचारावे. पुष्कळ ठिकाणी लहानग्याचे पैसे घेत नाहीत, पण ते त्यांच्या मनाचे मोठेपण, आपला हक्क नव्हे.

कोणी कोणाच्या हातचे व कोणाच्या शेजारी बसून खावे, या प्रश्नावर तर याच रत्नागिरीत मोठे मन्वंतर घडले आहे. १९२४ पासून १९३७ पर्यंत स्वातंत्र्यवीर सावरकर या जिल्ह्यात स्थानबद्ध होते. त्या काळात त्यांनी सहभोजने घडवून आणली. १९३१ साली भागोजीशेठ कीर यांनी बांधून दिलेले पतितपावन मंदिर सर्व जातींच्या हिंदूंस खुले झाले. आणि १९३३ साली त्याच हेतूने अखिल हिंदू उपाहारगृह निघाले. चहाच्या पेल्यासाठी एक स्वतंत्र चळवळ करावी लागली, हे आजच्या मुलांस सांगितले तर खरे वाटत नाही. आमच्या अक्कांच्या बालपणी वडील माणसे परगावी पाण्याचा घोट घेताना सुद्धा घर कोणाचे, हे विचारीत. आज त्याच अक्का खानावळीत बसल्यावर एवढेच विचारतात, की कांदा घातला आहे काय. पतितपावन मंदिराच्या पायऱ्यांवर नातवाला बसवून त्यांनी त्यास केळे भरविले, तेव्हा आम्हांस ते दर्शन मंदिरातील दर्शनाइतकेच मोलाचे वाटले.

मत्स्याहाराविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. समुद्रकाठच्या लोकांचे ते मुख्य अन्न होय, आणि रत्नागिरीची पुष्कळ भोजनगृहे त्यासाठीच प्रसिद्ध आहेत. ज्यांस वर्ज्य आहे त्यांनी स्वयंपाक वेगळा होतो काय, हे शांतपणे विचारावे व नसेल तर दुसरीकडे जावे. नाकास पदर लावून बसू नये. मोठ्यांचे पाहून मूल तेच शिकते. मिरकरवाड्याच्या बंदरात होड्यांतून टोपल्या उतरताना पाहून आमच्या नातवाने विचारले, "आपण हे का खात नाही?" चिरंजीवांनी उत्तर दिले, "आपल्या घरी करीत नाहीत. त्यांच्या घरी करतात, आणि त्यासाठी ते रात्रभर समुद्रात जातात." एवढे उत्तर त्यास पुरले. अन्नाची निंदा करू नये, हे तैत्तिरीय उपनिषदाने व्रत म्हणून सांगितले आहे. त्यात फक्त आपल्याच अन्नाची, अशी अट घातलेली नाही.

सायंकाळचा प्रश्न वेगळा. मांडवीच्या धक्क्यावर सूर्यास्ताच्या वेळी भेळ, भाजलेली कणसे व बर्फाचे गोळे यांच्या गाड्या लागतात, आणि मुलाचा हात तिकडे जातोच. बर्फ कोणत्या पाण्याचा, हे कळत नसल्याने तो टाळावा. आधीच कापून ठेवलेली फळे टाळावीत. समोर भाजलेल्या कणसाचे चार मऊ दाणे चुरडून द्यावेत. उत्तम म्हणजे शहाळे. फळ समोर फोडले जाते, आतले पाणी निर्मळ असते, आणि मलई चमच्याने भरविता येते. भाट्याच्या सुरुबनाच्या सावलीत बसून नातवाने अर्धे शहाळे संपविले व उरलेले वाळूस पाजले. सात वाजता मात्र पुन्हा मऊ भात. समुद्राच्या वाऱ्याने मूल लवकर पेंगते. आठ वाजता भोजनगृहाच्या दारात रांग लावण्यात अर्थ नाही. यासाठी सायंकाळचा भात डब्यातून घेऊन उतरण्याच्या जागी नेण्याची सोय आम्ही त्याच खानावळीत करून घेतली होती. भात ताजा शिजलेला असावा व तासाभरात संपवावा. दुपारचा रात्री देऊ नये.

गणपतीपुळे येथून पंचवीस किलोमीटरांच्या आसपास आहे, व तेथे एक दिवस जाणे होतेच. देवस्थानातर्फे दुपारी खिचडीचा प्रसाद मिळतो. लेकुरवाळ्यांस याहून सोयीचे अन्न नाही : मऊ, ऊन, सात्त्विक आणि सर्वांस सारखे. तेथे पंगतीस राव-रंक भेद नसतो, व मुलाचा आवाज झाला तरी कोणी वळून पाहत नाही, कारण दर चार पानांआड एक मूल असतेच. अंगारकीस व सुटीच्या दिवसांत मात्र गर्दी अलोट होते. तेव्हा मुलाचे पोट आधी भरून मग रांगेस लागावे. आणि एक सूचना भोजनाबाहेरची : तेथील समुद्र दिसतो तसा सौम्य नाही, आत ओढून नेतो. मुलास वाळूतच खेळवावे.

इतकी काळजी घेऊनही परक्या पाण्याने मुलाचे पोट बिघडू शकते. पाणी उकळून निवविलेले बरोबर ठेवावे, आणि जलसंजीवनीची दोन पाकिटे पेटीत असू द्यावीत. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच ती पूड कालवावी, मापात कमीजास्त करू नये, व कालविलेले पाणी दुसऱ्या दिवशी टाकून द्यावे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे असे पाणी पाजून हजारोंचे प्राण वाचविले. २०२३ साली त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. मूल मलूल झाले, पाणी पोटात ठरेना, किंवा लघवी कमी झाली, तर मात्र पाकिटावर विसंबू नये. त्याच घटकेस वैद्य गाठावा. रत्नागिरी हे जिल्ह्याचे ठिकाण असल्याने ती सोय जवळ आहे, हेही मुलासह तेथे जाण्याचे एक कारण होय.

चवथ्या दिवशी निघण्यापूर्वी त्याच खानावळीत उकडीचे मोदक सांगितले होते. नातवास आजीने मोदकाचे पांढरे आवरण दुधात कुस्करून भरविले, सारण अक्कांनी स्वतःच्या वाटीत घेतले. आणि सूनबाईंच्या पानावर पहिला मोदक, तुपाची धार सोडून, वाफ निघत असता वाढला गेला. या खेपेस त्यांनी कोणाकडे पाहिले नाही. बसल्या व जेवल्या. गावी परतल्यावर आमच्या घरी एवढा एक बदल टिकून आहे, की मुलास कोणी भरवावयाचे हे रोज वार लावून ठरते, आणि आठवड्यातून दोन वार आमच्याकडे आहेत.

ज्या घरांतून यंदा समुद्राकडे जाण्याचा बेत चालू असेल, त्यांनी किल्ले व देवळे यांची यादी करण्यापूर्वी लेकराच्या व त्याच्या आईच्या भाताची तजवीज करावी. समुद्र कोठे जात नाही. भात मात्र निवतो.